तलावाकाठच्या प्लॉटवर घर: आधी पाण्याची पातळी, मग काळी माती

प्लॉट बघायला मे महिन्यात जाऊ नका. नागपूरजवळचा तलाव खिंडसी असो की झिलपी, उन्हाळ्यात पाणी मागे सरकतं आणि उघडा पडलेला तळही प्लॉटचाच भाग वाटू लागतो. तलाव भरलेला असताना, सप्टेंबरच्या शेवटी जा. सातबाऱ्याच्या इतर हक्कात संपादनाची (सरकारने जमीन घेतल्याची) नोंद आहे का ते पाहा. ज्या खात्याचा तलाव असेल त्याच्याकडून पूर्ण संचय पातळी (तलाव पूर्ण भरल्यावर पाणी जिथवर येतं ती) आणि महत्तम पूर पातळी (मोठ्या पुरात पाणी जिथवर चढतं ती) हे दोन आकडे लेखी घ्या आणि लेव्हल मशीनने ते प्लॉटवर उतरवून खुंट्या ठोका. जोतं महत्तम पूर पातळीच्या निदान १ मीटर वर हवं. मंजूर नकाशा हातात आल्याशिवाय कुदळ मारू नका. प्लॉट महानगर क्षेत्रात येत असेल तर नकाशा एनएमआरडीए (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) मंजूर करते.

खरा खर्च जमिनीखाली आहे, आणि तिथे काटकसर करू नये. आपली कपाशीची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. ही हालचाल साधारण ३.५ मीटर खोलीपर्यंत पोचते. ५ फुटांवर फुटिंग (खांबाखालचा रुंद पाया) टाकून मोकळे झालात तर दोन-तीन पावसाळ्यांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा निघतात आणि दारं चौकटीत अडकतात. म्हणून आधी माती तपासून घ्या. मुक्त फुगवटा (माती पाण्यात किती फुगते त्याचं प्रमाण) ५० टक्क्यांच्या वर निघाला आणि मुरूम किंवा खडक फार खोल असला, तर अंडर-रीम्ड पाईल, म्हणजे खालचं टोक बल्बसारखं फुगवलेले काँक्रीटचे खांब जमिनीत घाला.

एकमजली घराला बहुधा ३०० मिमी व्यासाचा पाईल पुरतो. त्याचा खालचा बल्ब व्यासाच्या अडीचपट, म्हणजे ७५० मिमी. खोली ३.५ मीटरपेक्षा कमी नको, आणि दोन पाईलमध्ये मध्यापासून मध्यापर्यंत १.५ मीटर तरी अंतर हवं. सळया किती ते आरसीसी डिझायनर ठरवेल. पण पाईल जोडणारा वरचा बीम थेट मातीवर टेकवू देऊ नका, त्याच्याखाली ८० मिमी मोकळी जागा राहायलाच हवी. मिस्त्री ती सवयीने भरून टाकतात, मग फुगलेली माती बीम वर ढकलते आणि पाईलचा सगळा खर्च वाया जातो. तलावाजवळ पावसाळ्यानंतर भूजल वर आलेलं असतं, त्यामुळे भोकाच्या भिंती ढासळतात. पाईलचं काम फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये उरका आणि मृग लागण्याआधी जोतं पूर्ण करा.

फरशीखालची काळी माती ६० ते ९० सेंमी काढून चांगला मुरूम १५ सेंमीच्या थरांत, पाणी मारून कुटा. नुसती रेती भरली तर खड्ड्यात पाणी साचतं आणि खालची माती आणखी फुगते. घराभोवती बाहेर उतार असलेला १.५ मीटर रुंद कोबा घाला. मोठी झाडं त्यांच्या उंचीइतकी लांब लावा, कारण मुळं पायाजवळचा ओलावा ओढून घेतात.

सांडपाण्याकडे दुर्लक्ष केलं तर मैला त्याच तलावात जातो, जिथे मुलं पाय सोडून बसतात. १० माणसांसाठी सेप्टिक टँक आतून २ × ०.९ मीटर आणि पाण्याची खोली १.४ मीटर. आतून वॉटरप्रूफ प्लास्टर हवंच. काळी माती पाणी शोषत नाही, म्हणून इथे शोषखड्डा चालत नाही. टाकीचं पाणी गिट्टी-रेतीच्या, कर्दळ लावलेल्या वाफ्यातून जाऊ द्या. हे सगळं तलावाच्या विरुद्ध बाजूला आणि विहीर-बोअरपासून १८ मीटरच्या पलीकडे ठेवा.

विटा कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांतल्या राखेच्या घेतल्या तरी चालतील. नवतप्याचं (मेअखेरच्या नऊ कडक दिवसांचं) ऊन पश्चिमेच्या भिंतीवर पडतं, तेव्हा तलाव पश्चिमेला असला तरी तिथे पूर्ण काच लावू नका. २ मीटर खोल पडवी काढा आणि काच तिच्या आत घ्या. पीपीसी (राख मिसळलेल्या) सिमेंटच्या स्लॅबला १४ दिवस पाणी मारा, उन्हाळ्यात ओली पोती टाकून. भरावावर पीसीसी (सळया नसलेलं काँक्रीट) टाकण्याआधी वाळवीचं औषध मारून घ्या, नंतर फरशी फोडावी लागते. घर महिनोन्‌महिने बंद राहणार असेल तर नाहणी ट्रॅपमधलं (मोरीच्या जाळीखाली वास अडवणाऱ्या वाटीतलं) पाणी सुकून खोल्यांत वास भरतो. जाताना प्रत्येक ट्रॅपमध्ये मगभर पाणी आणि त्यावर चमचाभर खाद्यतेल ओता, म्हणजे पाणी लवकर उडत नाही.