ब्रेकचा लाईट लागला? आधी ऑइल ओतू नका, आधी पॅड बघा

ब्रेकचा लाईट लागला की आपल्याकडे, जळगाव असो नाहीतर धुळे, पहिलं काम काय होतं तर बोनेट उघडून ब्रेक ऑइल ओततात, लाईट विझतो आणि गाडी निघाली पुढे. असं करू नका. बऱ्याच वेळा ऑइल कुठेच गळालेलं नसतं, पॅड (चाकासोबत फिरणारी लोखंडी डिस्क दोन्ही बाजूंनी दाबून गाडी थांबवणाऱ्या पट्ट्या) झिजलेले असतात, आणि वरून ऑइल टाकून आपण गाडीने दिलेला इशाराच बंद करून टाकतो.

सगळ्यात आधी कोणता लाईट आहे ते नीट बघा. पिवळा, मधे गोल आणि दोन्ही बाजूंना तुटक रेषांचे कंस, हा पॅड झिजल्याचा. लाल, गोलात उद्गारचिन्ह, हा हँडब्रेकचा नाहीतर ऑइल कमी झाल्याचा. आपल्याकडच्या बऱ्याच साध्या गाड्यांना पॅडचा वेगळा सेन्सर नसतोच, तिथे पॅड संपत आल्याची खबर हा लालच लाईट देतो आणि तीही उशिरा, म्हणून त्याला हलकं घेऊ नका. एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) लिहिलेला पिवळा लाईट वेगळा, त्याचा पॅडशी संबंध नाही.

लाल लाईट असेल तर गाडी बाजूला घ्या, हँडब्रेक पूर्ण खाली आहे का बघा, थोडासा वर राहिला तरी लाईट लागतो. मग पेडल दाबा. पेडल मऊ लागत असेल, खाली खाली जात असेल तर तिथेच थांबायचं, गाडी दोरीने ओढत नाही तर उचलून न्या, गॅरेज दोनच किलोमीटर आहे म्हणून चालवत नेऊ नका.

पेडल कडक असेल तर बोनेट उघडा आणि सपाट जागेवर ऑइलच्या टाकीची लेव्हल बघा. इथेच खरी गोम आहे. पॅड जसजसा पातळ होतो तसतसा कॅलिपरमधला (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागातला) पिस्टन बाहेर सरकतो, त्याच्या मागे झालेली जागा ऑइल भरून काढतं आणि टाकीतली लेव्हल खाली येते, म्हणजे काही महिन्यांत हळूहळू टाकीवरच्या मिनच्या (MIN, कमीत कमी लेव्हलच्या) रेघेजवळ आली आणि गळती कुठेच नाही तर समजा पॅड संपत आले. सुरुवातीला लाईट फक्त वळणावर किंवा जोरात ब्रेक मारल्यावर लुकलुकतो कारण ऑइल हलतं. एकदम लेव्हल उतरली तर मात्र गळती आहे, चाकांच्या आतल्या बाजूला ओल शोधा. आणि वरपर्यंत ऑइल भरून ठेवलं तर नवीन पॅड टाकताना पिस्टन मागे ढकलला की तेच ऑइल टाकीतून उतू जातं आणि बॉडीचा रंग खातं.

आता पॅड. अलॉय व्हील असेल तर मोबाईलची टॉर्च मारून बाहेरचा पॅड चाकातूनच दिसतो, पण आतला पॅड बघितल्याशिवाय निकाल देऊ नका, बऱ्याच वेळा आतलाच जास्त झिजलेला असतो. चाक काढायचं तर सपाट जागा, गाडी गियरमध्ये, मागच्या चाकाला दगड, नट आधी जमिनीवरच सैल करायचे आणि मग जॅक, अंग गाडीखाली अजिबात घालायचं नाही. पॅडची मागची लोखंडी पट्टी सोडून फक्त मसाला, म्हणजे डिस्कला घासणारा थर, मोजा. नवीन पॅडला साधारण १० ते १२ मिमी असतो, ३ मिमीवर आला की बदला. ब्रेक मारताना बारीक किंचाळल्यासारखा आवाज येत असेल तर बहुतेक पॅडवरची छोटी पत्री डिस्कला घासतेय, ती त्यासाठीच दिलेली असते. खरखर लोखंडावर लोखंड आवाज आला तर डिस्कही गेली समजा. मागे ड्रम असतील तर तिथे पॅड नसतात, लायनर असतात, ते ड्रम उघडूनच बघावे लागतात.

पॅड जाड आहेत आणि तरी पिवळा लाईट चालूच? मग सेन्सरची वायर बघा. पॅडसोबत तीही घासली जाते आणि सर्किट बदललं की लाईट लागतो. शेतात, खळ्यात गाडी उभी राहत असेल तर उंदीर वायर कुरतडतात, आणि पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल कनेक्टरमध्ये जाऊन बसतो, तो साफ करून परत लावून बघा. घासलेला सेन्सर परत वापरता येत नाही, पॅडसोबत नवीनच टाका. काही गाड्यांत त्यानंतर लाईट स्कॅनरने रिसेटही करावा लागतो.

लाईट लागलेला असताना कन्नड घाट किंवा तोरणमाळचा घाट उतरायचा विचार करू नका. मधेच लागला तर खालच्या गियरमध्ये इंजिनवर गाडी रोखत सावकाश उतरा, ब्रेक सतत दाबून धरू नका, गरम ब्रेक पकड सोडतात.

पॅड नेहमी एका एक्सलच्या दोन्ही चाकांचे बदला. काम झाल्यावर गाडी हलवायच्या आधी पेडल कडक होईपर्यंत दाबा, पहिला ब्रेक नाहीतर लागणारच नाही, आणि सुरुवातीचे काही दिवस जोरात ब्रेक टाळा. ऑइल टाकीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ (ब्रेक ऑइलचे प्रकार) जे लिहिलं असेल तेच टाका, आणि ते हवेतला ओलावा ओढतं म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलायचंच. मिस्तरीकडून जुने पॅड मागून घ्या आणि शेजारी शेजारी ठेवून बघा, एकाच चाकाचा एक बराच पातळ आणि दुसरा जाड निघाला तर बहुतेक कॅलिपरच्या पिना जाम आहेत, त्या साफ करून ग्रीस लावल्याशिवाय गाडी घेऊ नका, नाहीतर नवीन पॅडही तसेच झिजतील.