पेन टॅब्लेट घेण्याआधी कागद कापून पाहा

पेन टॅब्लेट म्हणजे संगणकाला जोडून पेनाने चित्र काढायची पाटी. तिच्या खोक्यावर सगळ्यात ठळक छापलेला आकडा प्रेशर लेव्हलचा, म्हणजे पेनाचा दाब किती पायऱ्यांत ओळखला जातो त्याचा असतो: २०४८, ४०९६, ८१९२, अलीकडे १६३८४. उपयोजित कलेच्या पहिल्या वर्षाची मुलं हाच आकडा ताडून पाहतात. हाताला मात्र त्यातला फरक कळत नाही. १ ते ४० पिक्सेलांत जाडी बदलणाऱ्या ब्रशला दोन हजार पायऱ्याही पुरून उरतात. पाहायचं ते एवढंच, की रेघ किती हलक्या दाबाला सुरू होते. पेन टेकवून नुसतं ओढलं, तर त्याच्या स्वतःच्या वजनानेही फिकट रेघ उमटायला हवी. दाबल्याशिवाय उमटत नसेल तर केसांच्या आणि शेडिंगच्या रेघा सुरुवातीलाच तुटक येतात, आणि हे कुठल्याच खोक्यावर लिहिलेलं नसतं.

लाइन्स पर इंच, म्हणजे टॅब्लेट पेनाची जागा किती बारकाईने ओळखतो त्या आकड्याचंही तेच. २५४० म्हणजे एका मिलिमीटरमध्ये १०० रेषा. १५२ मिमी रुंदीच्या टॅब्लेटवर त्या १५,२०० होतात आणि समोरच्या स्क्रीनवर पिक्सेल असतात १९२०. एका पिक्सेलला जवळजवळ आठ रेषा मिळतातच, मग ५०८० घेऊन करायचं काय?

खरा प्रश्न आकाराचा आहे. खोक्याचा नव्हे, अ‍ॅक्टिव्ह एरियाचा, म्हणजे पेन जिथे ओळखलं जातं त्या चौकटीचा. वाकॉम कंपनीच्या वन बाय वाकॉम आणि इन्ट्युऑस या दोन्हींच्या छोट्या टॅब्लेटची चौकट १५२ × ९५ मिमी, मध्यम टॅब्लेटची २१६ × १३५ मिमी. ह्युऑनचा एच६१० प्रो किंवा एक्सपी-पेनचा डेको ०१ घेतला तर चौकट सुमारे २५४ × १५९ मिमी. हे आकडे वाचून काही डोळ्यांसमोर येत नाही, म्हणून कागद कापा. छोटा म्हणजे जवळपास पोस्टकार्ड, मध्यम म्हणजे ए-५ वहीचं आडवं पान. कागद टेबलावर ठेवून, कीबोर्ड नेहमीच्या जागी ठेवून, त्यावर पेन्सिलीने दहा मिनिटं चित्र काढा. कोपर कुठे अडतं, मनगट कुठे वळतं, ते लगेच कळतं.

मग स्क्रीनचं गणित करा. १५.६ इंची लॅपटॉपची स्क्रीन साधारण ३४५ मिमी रुंद असते. छोट्या टॅब्लेटवर हात १ मिमी सरकला की स्क्रीनवर कर्सर २.३ मिमी सरकतो, मध्यमवर १.६ मिमी. तोच छोटा टॅब्लेट २४ इंची मॉनिटरला जोडला तर ३.५ मिमी. म्हणजे हाताची बारीकशी थरथरही साडेतीन पट होऊन दिसते, आणि मुलांना वाटतं आपला हातच वाईट आहे. लॅपटॉपवर फोटो रिटचिंग किंवा रंग भरण्याचं काम असेल तर छोटा चालतो. लांब वळणदार रेघा, फिगर ड्रॉइंग, कॉमिक करायचं तर मध्यमपासून पुढे. दहा इंची मोठ्या चौकटीत रेघ खांद्यातून येते, ते उत्तमच. फक्त बटणांसकट टॅब्लेट ३५ सेंमीपर्यंत रुंद होतो आणि हॉस्टेलच्या टेबलावर लॅपटॉपपुढे मावत नाही.

चौकट साधारण १६:१० प्रमाणातली असते, स्क्रीन बहुधा १६:९. ड्रायव्हर, म्हणजे टॅब्लेट चालवणारं सॉफ्टवेअर, पूर्ण चौकट पूर्ण स्क्रीनवर ताणतो, त्यामुळे हाताने काढलेलं गोल वर्तुळ उंचीत १० टक्के चपटं उमटतं. ड्रायव्हरमध्ये प्रमाण राखण्याचा पर्याय असतो, तो पहिल्याच दिवशी लावा. छोट्या टॅब्लेटची साडेनऊ मिमी उंची त्यात वाया जाते, जाऊ द्या. दोन मॉनिटर असतील तर टॅब्लेट एकालाच जोडा. दोन्हींवर ताणला तर वर्तुळ दुपटीहून जास्त पसरतं. पेन उचलून दुसरीकडे टेकवलं तरी कर्सर जागचा हलत नसेल तर माउस मोड चालू आहे. तो बंद करून पेन मोड लावा.

अक्षरलेखन करणाऱ्यांची इथे एक नेहमीची चूक होते. बोरूसारखी तिरकी जाड-बारीक रेघ मिळावी म्हणून ते टिल्ट असलेला टॅब्लेट शोधतात. टिल्ट म्हणजे पेन किती आणि कुठल्या बाजूला कललं, एवढंच. बोटांत बोरू फिरवल्यासारखं पेन स्वतःभोवती फिरवलं, तर साधा टॅब्लेट ते ओळखत नाही. त्यासाठी वाकॉमचं आर्ट पेन लागतं आणि ते साध्या इन्ट्युऑसवर नव्हे, इन्ट्युऑस प्रोवर चालतं. देवनागरीच्या सरावाला त्याची गरज नाही. क्रिटा (चित्र काढण्याचं सॉफ्टवेअर) किंवा फोटोशॉपमध्ये चपटा ब्रश घ्या, कोन स्थिर ठेवा, दाबाने जाडी बदलणं बंद करा. बोरूचं टोक हातात जसं एकाच कोनात धरतो, तसंच वळण येतं, तेही कुठल्याही स्वस्त टॅब्लेटवर.

दुकानात किंवा परत करण्याच्या मुदतीत एक चाचणी कराच. स्टॅबिलायझर (रेघ आपोआप सरळ करणारी सोय) शून्यावर, ब्रश ३ पिक्सेल. प्लॅस्टिकची पट्टी टॅब्लेटवर ४५ अंशांत ठेवून तिच्या कडेने अगदी सावकाश रेघ ओढा. पायऱ्या किंवा लाटा दिसल्या तर दोष टॅब्लेटचा. स्टीलची पट्टी घेऊ नका, धातूने पेनाचा सिग्नल बिघडतो. लोखंडी टेबलावर किंवा स्पीकरशेजारी ठेवलेला टॅब्लेटही असाच थरथरतो. चारही कोपऱ्यांत टिंबं देऊन पाहा. कडेला कर्सर घसरत असेल तर तो टॅब्लेट घेऊ नका.

तक्रारींपैकी बहुतेक ड्रायव्हरच्या असतात. दुसऱ्या कंपनीचा जुना ड्रायव्हर काढून, संगणक पुन्हा सुरू करून मगच नवा टाका. विंडोजवर फोटोशॉपमध्ये दाब गेला तर टॅब्लेटच्या सेटिंगमध्ये विंडोज इंक (विंडोजची पेनासाठीची सोय) चालू आहे का पाहा. क्रिटात दाब मिळत नसेल तर टॅब्लेट सेटिंगमध्ये विनटॅब आणि विंडोज इंक, या पेनाचा दाब कळवण्याच्या दोन पद्धतींची, अदलाबदल करून पाहा. पेन टेकवून ठेवल्यावर गोल कडं उमटून रेघ उशिरा सुरू होते, तो विंडोजचा प्रेस-अँड-होल्ड; तो बंद करा. मॅकवर अ‍ॅक्सेसिबिलिटी आणि इनपुट मॉनिटरिंग या दोन परवानग्या दिल्याशिवाय पेन अर्धवट चालतं. डावखुऱ्यांनी ड्रायव्हरमध्ये चौकट १८० अंशांत फिरवायची आणि टॅब्लेट उलटा ठेवायचा.

स्क्रीनवाला टॅब्लेट लगेच हवाच असं वाटतं, पण पहिल्या वर्षी त्याची घाई नको. किंमत कितीतरी पट, मान खाली, वायरी जास्त. यूएसबी-सी एका वायरवर चालवायचं तर लॅपटॉपच्या त्या पोर्टमधून डिस्प्लेही बाहेर पडायला हवा. नुसत्या चार्जिंगच्या पोर्टवर स्क्रीन काळीच राहते. लोगो आणि मांडणीच करणाऱ्याला तर इलस्ट्रेटरमध्ये बहुतेक वेळ माउसच पुरतो.

जुना टॅब्लेट विकत घेताना आधी पेन पाहा. पेन हरवलं तर एका मॉडेलचं दुसऱ्याला बहुधा चालत नाही, आणि बंद झालेल्या मॉडेलचं पेन मिळवताना घाम फुटतो. घामावरून आठवलं: कोकणात किंवा मुंबईत हात पृष्ठभागाला चिकटून रेघ अडखळते, तेव्हा दोन बोटांचा पातळ हातमोजा घाला. निब झिजून एका बाजूने तासल्यासारखी चपटी झाली की लगेच बदला; तिची धारदार कड पृष्ठभागावर चरे पाडते. खरखरीत शीट लावलेल्या टॅब्लेटवर निबा फार लवकर संपतात, तेव्हा जादा निबांचं पाकीट टॅब्लेटबरोबरच घेऊन ठेवा. पेन कधीही निब खाली करून मगमध्ये उभं ठेवू नका, आतल्या दाबाच्या सेन्सरवर सतत भार राहून काही महिन्यांनी न टेकवताच रेघ उमटायला लागते.