टक्केवारी अंगठ्याखाली झाका, मग प्रगतिपुस्तक वाचा

"मॅडम, आठवीपर्यंत पोट्ट्याले अ-दोनच्या खाली काही भेटलं नाही, अन् नववीत गणितात चोपन्न काहून?" दिवाळीच्या सुट्टीआधी पहिल्या सत्राचं प्रगतिपुस्तक घरी गेलं की हा प्रश्न येतोच. नागपुरात नंदनवनकडच्या एका मराठी शाळेत मी नववी-दहावीला गणित शिकवते, वर्गशिक्षिका म्हणून प्रगतिपुस्तकंही भरते. तेव्हा ते कसं वाचायचं, हे भरणाऱ्या माणसाकडूनच ऐका.

आधी त्या आठवीचं बघू. सातवी-आठवीला १०० पैकी ४० गुण आकारिक मूल्यमापनाचे असतात. वर्गकार्य, प्रकल्प, तोंडीकाम, वर्षभर जे चालतं ते सगळं त्यात येतं. उरलेले ६० संकलितचे, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेचे. वरून हातात पडते ती श्रेणी. अ-२ म्हणजे ८१ ते ९०, यातलं काहीही. नववीत श्रेणी जाते, गुण येतात, आणि १०० पैकी ८० एकदम लेखी पेपरवर जातात. पोरगं एका उन्हाळ्यात ढ होत नसतं, मोजायची पट्टी बदललेली असते. म्हणून आठवीच्या श्रेणीशी नववीचे गुण ताडून पाहू नका. नववीचं पहिलं सत्र हीच नवी सुरुवात समजा.

आता पुस्तक उघडा आणि तळाशी लिहिलेल्या टक्केवारीवर अंगठा ठेवा. खरंच ठेवा. तो आकडा दिसला की घरात एकतर पेढे येतात नाहीतर आरडाओरड होते, पुढचं कोणी वाचत नाही.

अंगठा तसाच ठेवून एक कोरा कागद घ्या आणि प्रत्येक विषयाचे लेखी गुण वेगळे लिहून काढा. भाषांमध्ये ८० लेखी, २० तोंडी. गणितात बीजगणित ४०, भूमिती ४०, अंतर्गत २०. विज्ञानात भाग एक ४०, भाग दोन ४०, प्रात्यक्षिकांसह अंतर्गत २०. इतिहास-राज्यशास्त्र ४०, भूगोल ४०, अंतर्गत २०. हे अंतर्गत वीस गुण आम्हीच देतो आणि सढळ हाताने देतो. वही वेळेवर दिली, वर्गातली छोटी चाचणी दिली, की १७-१८ ठरलेले. त्यात लबाडी नाही. नियमित काम करणाऱ्या मुलाला त्याचं फळ मिळालंच पाहिजे. पण त्या गुणांवरून पेपरात काय येतं ते कळत नाही.

त्या चोपन्नचंच घ्या. फोडून पाहिलं तर बीजगणित ४० पैकी २७, भूमिती ४० पैकी ९, अंतर्गत २० पैकी १८. लेखी ८० पैकी ३६, म्हणजे ४५ टक्के. शिवाय हा मुलगा गणितात मध्यम नाहीच. बीजगणितात बरा आहे आणि भूमितीत बुडतो आहे. चोपन्न या एका आकड्यात ही दोन्ही मुलं लपली होती.

अंतर्गत गुण किती झाकतात ते सगळ्या महाराष्ट्राने २०१९ साली पाहिलं. त्या वर्षी दहावीच्या भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण बंद केले होते. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला, आणि आपला नागपूर विभाग नऊ विभागांत शेवटचा. अभ्यासक्रमही त्याच वर्षी नवा होता, त्यामुळे सगळं खापर त्या वीस गुणांवर फोडता येत नाही. पुढच्या वर्षी ते गुण परत आले आणि निकाल पुन्हा वर चढला.

भूमितीत ९ का, याचं उत्तर प्रगतिपुस्तकात मिळणार नाही, उत्तरपत्रिकेत मिळेल. सत्र परीक्षेच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका पालकसभेला बघायला मागा. मागणारे पालक इतके कमी असतात की आम्हाला नवल वाटतं. हातात आल्यावर बेरीज तपासत बसू नका, गुण कुठे गेले ते बघा. गणिताचा ४० गुणांचा पेपर दहावीच्या धर्तीवर असेल तर पहिल्या दोन प्रश्नांत मिळून २० गुण असतात. सोपे, सरळ, पुस्तकातले. शेवटच्या दोन प्रश्नांत ११ गुण, आणि तिथे डोकं चालवावं लागतं. शेवटचे ११ गेले असतील तर सराव वाढवा, काळजीचं कारण नाही. पहिल्याच वीसमधले दहा-बारा गेले असतील तर पाया कच्चा आहे, आणि तो आत्ताच भरायला हवा. नववीतल्या समांतर रेषा आणि त्रिकोण समजले नाहीत तर दहावीची समरूपता आणि वर्तुळ दोन्ही डोक्यावरून जातात.

उत्तरपत्रिकेत आणखी एक बघा. प्रश्न सोडवून चुकला आहे की कोराच सोडला आहे? आकृती काढून खाली काहीतरी खटपट केलेली दिसली तर ते मूल शिकतंय. मागची दोन पानं कोरी असतील तर एकतर वेळ पुरला नाही, नाहीतर भीती बसली आहे. दोघांचा उपाय वेगळा. पहिल्याला घरी घड्याळ लावून दोन तासांचा पेपर सोडवायला बसवा. दुसऱ्याजवळ आधी तुम्ही बसा.

मराठीचं प्रगतिपुस्तक पालक नुसतं चाळतात. "मराठीत काय, येतंच." दहावीच्या प्रथम भाषा मराठीच्या ८० गुणांत गद्य, पद्य आणि स्थूलवाचन मिळून ४०. उरलेल्या ४० मध्ये भाषाभ्यास १६ आणि उपयोजित लेखन २४. म्हणजे गाइडातली धड्यांची उत्तरं पाठ करणाऱ्या मुलाचा अर्धा पेपर पाठांतराच्या बाहेर असतो. पत्र, बातमी, जाहिरात, कथा हे लिहूनच येतं. मराठीत पन्नाशीत अडकलेल्या मुलाची वही उघडा, त्यात एकही स्वतःचं पत्र सापडत नाही.

उपस्थितीचा रकाना सगळ्यात दुर्लक्षित. तो महिन्यांनुसार असेल तर ऑगस्ट-सप्टेंबर बघा. पोळा, तान्हा पोळा, मारबत, गणपती, महालक्ष्म्या, त्यात नागपूरचा डेंग्यू नाहीतर व्हायरल. पोरगं दहा-बारा दिवस घरी आणि इकडे वर्गात अख्खा त्रिकोणाचा धडा संपलेला. बऱ्याच वेळा भूमितीच्या त्या ९ चं मूळ या रकान्यात सापडतं. मग महागडा क्लास नको, मित्राची वही आणि चार रविवार पुरतात.

शेऱ्याबद्दल खरं सांगू? एका संध्याकाळी साठ-साठ प्रगतिपुस्तकं भरायची असतात. "समाधानकारक", "प्रगती चांगली", "अधिक प्रयत्न आवश्यक" हे शेरे गुण बघून आपोआप पेनातून उतरतात. त्यावरून पोराला रागावू नका आणि फुगूही नका. पण शेरा तुमच्याच मुलाचा वाटत असेल, म्हणजे "पायऱ्या लिहीत नाही", "तोंडी येते, लिहिताना गोंधळते", "मागच्या बाकावरून फळा दिसत नाही असे वाटते", तर तो आम्ही थांबून लिहिलेला असतो. शेवटचा शेरा असेल तर त्याच आठवड्यात डोळे तपासून घ्या.

पालकसभेत "कसा आहे मॅडम आमचा?" विचारलं तर उत्तर येतं, "चांगला आहे, थोडा अभ्यास वाढवा." तुमची फेरी वाया. त्याऐवजी विचारा: या पेपरात वर्गातल्या बहुतेक मुलांना किती मिळाले? भूमितीत वर्गच दहा-बारावर असेल तर पेपर जड होता किंवा आमचं शिकवणं कमी पडलं, आणि हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. मग विचारा, कोणत्या धड्यात अडकतो, आणि वर्गात शंका विचारतो का. मुलाला सोबत घेऊन या, पण त्याच्यासमोर शेजारच्या पोरीचे गुण काढू नका. ते पोरगं पुढचं सगळं ऐकणं बंद करतं, मी समोरून बघत असते.

दहावीच्या पालकांना एक वेगळी गोष्ट. शाळेच्या सराव परीक्षेची टक्केवारी बहुतेक वेळा सहाही विषयांवर, ६०० पैकी काढलेली असते. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर सर्वोत्तम पाच विषयांची, ५०० पैकी येते. त्यात चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेचे किंवा खेळाचे सवलतीचे गुण मिळू शकतात. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत अ श्रेणी असेल तर ७. त्यामुळे सराव परीक्षेतले ६८ आणि बोर्डाचे ७६ यांत मुलाने सगळी झेप दोन महिन्यांत घेतली असं धरू नका, आणि ६८ बघून जानेवारीत घर डोक्यावरही घेऊ नका. सराव परीक्षेतही विषय फोडा, सगळ्यात कमी गुणांचा विषय बाजूला ठेवून ५०० पैकी हिशेब करा, म्हणजे तुलना निदान सारखी होते.

बोर्डाचा निकाल लागल्यावर एखाद्या विषयाचा आकडा पटला नाही तर नुसती गुणपडताळणी मागता येते, तिच्यात फक्त बेरीज आणि न तपासलेलं काही राहिलं का ते बघतात. उत्तर पुन्हा तपासून हवं असेल तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत घ्यावी लागते आणि मगच पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो. मुदत थोडी असते. छायाप्रत आली की विषयाच्या शिक्षकांना दाखवा. नववीपासून उत्तरपत्रिका बघायची सवय असलेल्या पालकांना ती वाचायला आमची फारशी गरज पडत नाही.