एफसिंक बंद करून डेटाबेस पळवताय? या चुका टाळा

"डेटाबेस हळू चालतोय" असं कुणी म्हणायचा अवकाश, शेजारचा सांगतोच, "एफसिंक ऑफ कर, पळेल." पळतो, खोटं नाही. प्रोग्रॅमने 'लिहिलं' म्हटलं तरी डेटा आधी मेमरीतच पडून असतो. लिनक्स तो सवडीने, कधी कधी अर्ध्या मिनिटाने, डिस्कवर उतरवतं. एफसिंक म्हणजे 'आत्ता उतरव, तोवर मी थांबतो'. ७२०० आरपीएमची हार्ड डिस्क सेकंदाला १२० फेऱ्या मारते, त्यामुळे दर ओळीला वेगळा कमिट केलात, म्हणजे 'ही एंट्री पक्की कर' म्हणून दर वेळी एफसिंक करायला लावलंत, तर सेकंदाला शंभरेक ओळींवर गाडी अडते. नवशिक्यांचा धीर नेमका इथे सुटतो.

एका अडत दुकानात जुना हिशेब पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये चढवायचा होता. तिथला पोरगा हुशार, पण घाईचा. एफसिंक ऑफ केलं, काम तासाभरात उरकलं. इथवर माझी तक्रार नाही. रिकाम्या डेटाबेसमध्ये पहिल्यांदा भरताना फसलं तर पुन्हा भरता येतं. पण परत ऑन करायचं राहिलं ते चार महिने. मग एका दुपारी लाइट गेली आणि यूपीएसने दोन सेकंदात मान टाकली. लाइट आल्यावर पोस्टग्रेस उठेना. एरर लॉगमध्ये एकच ओळ: 'पॅनिक: कुड नॉट लोकेट अ व्हॅलिड चेकपॉइंट रेकॉर्ड', म्हणजे सावरायला कुठून सुरुवात करायची तेच त्याला सापडेना. बॅकअप अकरा दिवसांपूर्वीचा, मधलं सगळं पुन्हा भरायचं. मी कार्बनच्या पट्ट्या वाचतोय, तो टाइप करतोय, आणि दर तिसऱ्या पट्टीला वजनातला आकडा एक की सात यावर वाद. दोन रात्री गेल्या.

लोकांना वाटतं, एफसिंक बंद असलं तर फार तर शेवटच्या चार एंट्र्या जातील. तसं नाही. डेटाबेस प्रत्येक बदल आधी आपल्या नोंदवहीत, म्हणजे राइट-अहेड लॉगमध्ये, लिहितो आणि मग डेटात; हा क्रमच मोडतो. डेटाची अर्धी पानं नवी, अर्धी जुनी, आणि दुरुस्तीसाठी ज्या लॉगवर भिस्त तोही अर्धवट. "मी प्रोसेस किल करून बघितली, काही झालं नाही," असं सांगणारेही भेटतात. होणारच नाही! प्रोसेस मेली तरी मेमरीतला डेटा लिनक्सकडे शाबूत असतो. खरी परीक्षा मशीनची वायर उपटल्यावर.

मी काय करतो? एंट्र्या हजार-हजारच्या गठ्ठ्याने एका ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे एकाच कमिटमध्ये, टाकतो; निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. तरीही वेग हवा असेल तर पोस्टग्रेसमध्ये 'सिंक्रोनस कमिट' ऑफ, म्हणजे कमिट डिस्कसाठी थांबत नाही. लाइट गेली तर शेवटचे काही क्षण जातील, पण डेटाबेस सुस्थितीत उठेल. पैशांच्या एंट्र्यांना मी तेही करत नाही.

मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये 'फ्लश लॉग ॲट कमिट' २ वर (लॉग दर कमिटला नाही, साधारण सेकंदाला एकदा डिस्कवर) ठेवणाऱ्यांनी लाइट गेली तर सेकंदाभराच्या एंट्र्या जाऊ शकतात हे मालकाला आधी सांगावं. अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या रेड (RAID) कार्डाची बॅटरी मेली असताना राइट-बॅक (डेटा कार्डाच्या मेमरीत ठेवूनच 'लिहिलं' म्हणणं) जबरदस्तीने चालू ठेवू नका. एफसिंकने एरर दिली तर पुन्हा हाक मारून 'झालं' समजू नका. दुसऱ्यांदा ते खोटंच 'हो' म्हणू शकतं. २०१८ मध्ये पोस्टग्रेसवाल्यांनाही हे नव्याने कळलं, आणि आता ते अशा वेळी सरळ बंद पडतं. बॅकअप त्याच डिस्कवर ठेवणाऱ्यांशी मी बोलत नाही.

आणि यूपीएसची बॅटरी बदलली की तिच्यावर मार्करने तारीख लिहा. त्या दुकानातल्या बॅटरीवर धुळीखाली तारीख होती, साडेपाच वर्षांपूर्वीची.