बोटाने खेळायचा फुटबॉल: आधी बचाव शिका

परभणीत मे महिन्यात दुपारी लेकरांना बाहेर सोडायची सोय नसते. कूलरसमोर कॅरम मांडला जातो, आणि आमच्या घरात सबूटिओसुद्धा. भाचे-पुतण्यांना हा टेबल फुटबॉल मीच शिकवते. लोक शिकवायला सुरुवात करतात ती गोल कसा मारायचा इथून, आणि मला ते अजिबात पटत नाही. चेंडू समोरच्याकडे असताना आपण काय करायचं, हे आधी कळलं पाहिजे. सगळा खेळ तिथं आहे.

पण त्याआधी बोट. गोलसर, जड बुडावर उभ्या असलेल्या बाहुलीला तर्जनीच्या किंवा मधल्या बोटाच्या नखाने टिचकी मारायची. कॅरममध्ये अंगठ्यात बोट अडकवून सोडायची सवय असते, ती इथं चालत नाही. अंगठ्याचा आधार घ्यायचा नाही, बाहुली ढकलायची नाही. आमच्याकडच्या पट्टीच्या कॅरमवाल्यांनाही हे वळण लागायला वेळ लागतो. कुणी फार हळू मारलं की मी म्हणते, "उलीसं जोरात लाव, पण हात पुढं नेऊ नको."

आता ताबा. तुमच्या बाहुलीने चेंडूला स्पर्श केला आणि चेंडू पुढे समोरच्याच्या बाहुलीला लागला नाही, तर ताबा तुमचाच. बाहुली चेंडूला चुकली किंवा चेंडू समोरच्याच्या बाहुलीवर आदळला, की ताबा गेला. एकाच बाहुलीने लागोपाठ तीनदाच चेंडू खेळायचा. मग आपल्याच संघातल्या दुसऱ्या बाहुलीचा स्पर्श झाला पाहिजे, म्हणून पास द्यावाच लागतो.

कॅरमला समोरच्याची पाळी चालू असताना आपण नुसते बघत बसतो. इथं तसं नाही. हल्ला करणाऱ्याच्या प्रत्येक टिचकीनंतर बचाव करणाऱ्यालाही एक टिचकी मिळते. तिला ब्लॉक म्हणतात. या टिचकीने चेंडू खेळायचा नाही. पुढचा पास जिथून जाणार, त्या वाटेत आपली बाहुली नेऊन उभी करायची. ती चेंडूला किंवा समोरच्याच्या बाहुलीला धडकली, तर चूक तुमची आणि फायदा त्याचा. शिवाय हल्ला करणारा तुमच्या ब्लॉकसाठी थांबायला बांधलेला नाही. त्याने पुढची टिचकी मारली, की तुमची ती संधी गेली. त्यामुळे नजर चेंडूवर नको, चेंडू जिथं जाणार तिथं हवी. आमच्या भाचीला हे लवकर कळलं. गोल ती क्वचित करते, तरी तिच्याविरुद्ध गोल करणं फार अवघड जातं.

गोल मारायचा तर चेंडू समोरच्याच्या बाजूची शूटिंग लाइन, म्हणजे त्याच्या गोलच्या अलीकडे मैदानावर आखलेली आडवी रेष, पूर्ण ओलांडून गेलेला पाहिजे. अलीकडून मारलेला धरत नाहीत. गोलकीपर गोलच्या मागून दांडीने हलवतात, म्हणून "मारतोय" असं सांगून समोरच्याला दांडी धरू द्यायची. घरात भांडणं होतात ती याच ठिकाणी.

थ्रो-इन, कॉर्नर, गोल किक नेहमीच्या फुटबॉलमधून ओळखीचे असतात. ऑफसाइड मी सुरुवातीला शिकवतच नाही. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत १५-१५ मिनिटांचे दोन डाव असतात. घरी १० मिनिटांचा एक डाव बरा.

महागडा संच नाही म्हणून अडून बसू नका. पीटर अ‍ॅडॉल्फ यांनी इंग्लंडमध्ये १९४७ च्या सुमारास हा खेळ विकायला काढला, तेव्हा संचात मैदानाचं कापड नव्हतंच. खडू दिलेला असायचा, आणि जुन्या लष्करी ब्लँकेटवर मैदान आखून घ्या असं सांगितलेलं असायचं. तुम्हीही आखा. फक्त शहाबादी फरशीवर नुसतं कापड अंथरू नका, सांध्यावर बाहुली अडखळते. खाली सपाट प्लायवूड ठेवा आणि कापड चारी बाजूंनी ताणून बसवा. कॅरमची पावडर टाकू नका. आपल्याकडची धूळ बुडाला चिकटून बाहुली जागीच थांबते, तेव्हा प्रत्येक डावाआधी बुडं मऊ सुती फडक्याने पुसून घ्या.