रझियाचं चरित्र वाचताना

पेन्सिल घेऊनच बसा. रझिया दिल्लीच्या तख्तावर होती १२३६ ते १२४०, जेमतेम चार वर्षं. तिच्या दरबारातला हबशी सरदार याकूत, त्याच्याशी तिचं प्रेम रंगवलेलं दिसलं की समासात लिहा: हे कुणी सांगितलं, कधी? इतिहासकार मिन्हाज तिच्याच काळातला. याकूतवरची मर्जी तो नोंदवतो, प्रेमकथा नाही. याकूत दंड धरून तिला घोड्यावर चढवायचा, हे इसामी या कवी-इतिहासकाराचं. तो लिहितो १३५०च्या सुमारास, शंभरावर वर्षांनी. मी दोघांना दोन वेगळे रंग देते.

मग मिन्हाजचा रझियावरचा उतारा सावकाश वाचा. न्यायी, उदार, फौजेचं नेतृत्व करणारी. पण पुरुष म्हणून जन्मली नाही, तर या गुणांचा उपयोग काय? इथे मला दर वेळी राग येतो. चरित्रकाराने हा प्रश्नच गाळला असेल, तर दुसरं पुस्तक शोधा.