रेसच्या पुस्तकाचे पैसे वसूल होतात का? आधी वही घाला

आमचे हे रेसला जातात. लग्नाआधीपासून जातात, त्यामुळे त्यावर तक्रार करायचा माझा हक्क केव्हाच बाद झालाय. माझा प्रश्न वेगळा होता. घोड्यावर लावायचे ते लावा, पण रेसच्या आदल्या दिवशी टिपांचं जे पुस्तक घरात येतं आणि मोबाईलवरच्या ‘पक्की टीप’वाल्याला महिन्याची जी वर्गणी जाते, त्यातून परत काय येतं? मी बँकेत क्लिअरिंगला होते. पैसे गेले की पलीकडच्या रकान्यात काय आलं हे पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. म्हणून पुण्याच्या एका हंगामात मी वही घातली. तशीच वही तुम्हीही घालावी, यासाठी हे लिहिते आहे. स्वतः खेळत असाल तरी घाला, घरातलं कोणी खेळत असेल तर नक्कीच घाला.

आधी पुस्तक उघडून त्यात काय छापलंय ते बघा. मी कितीतरी वर्षं ते उघडलंच नव्हतं, नुसतं सोफ्यावरून उचलून ठेवायची. त्यात दोन वेगळे माल एकाच किमतीत विकलेले असतात. एक माल म्हणजे नोंदी. घोड्याचं वय, आई-बाप, आज पाठीवर किती वजन, रेटिंग, ट्रेनर, जॉकी, कुठल्या ड्रॉमधून, म्हणजे कितव्या फाटकातून, सुटणार. खाली मागच्या शर्यती, कुठल्या तारखेला, किती मीटर, कितवा आला, किती लेंथने (घोड्याच्या किती लांबीने) हरला, तेव्हा भाव काय होता, म्हणजे जिंकल्यावर लावलेल्या रुपयामागे वर किती मिळणार होते. त्याच्याच जवळ सकाळच्या सरावाच्या वेळा. एका घोड्यापुढे ‘800/53, 600/39, सहज पळाला’ असं दिसेल. म्हणजे 800 मीटरच्या खांबापासून शेवटपर्यंत 53 सेकंद, त्यातले शेवटचे 600 मीटर 39 सेकंदांत, आणि जॉकीने फार दामटलं नाही. शेजारच्या घोड्याने तेच अंतर तेवढ्याच वेळात कापलेलं असतं, पण पुढे लिहिलेलं असतं ‘दामटला’. आकडे तेच, घोडे दोन तऱ्हेचे. हे वाचता यायला लागलं की खरंच मजा येते, आणि ते टिपून ठेवायला कोणीतरी पहाटे स्टॉपवॉच घेऊन ट्रॅकवर उभं राहिलेलं असतं. त्या माणसाच्या मेहनतीचे पैसे द्यायला माझी ना नाही.

दुसरा माल म्हणजे मत. अमुक तज्ज्ञाची पहिली निवड, दुसरी निवड, तिसरी निवड, आणि वर ठळक अक्षरांत ‘आजचा बेस्ट’. जाहिरात होते ती याच मालाची, आणि तपासायचाही हाच.

वहीत एका शर्यतीला एक ओळ. रकाने असे: तारीख, शर्यत क्रमांक, पुस्तकाची पहिली निवड, सुटण्याच्या वेळचा फेव्हरिट (ज्यावर सगळ्यांत जास्त पैसे लागलेत तो), चार नंबरचा घोडा, आणि प्रत्येकापुढे शंभर रुपये विनवर, म्हणजे तो पहिला येईल यावर, लावले असते तर किती आले असते. चार नंबर का, तर कोणालातरी उगाच निवडायचं म्हणून. एक नंबरला सहसा सगळ्यांत जास्त वजन असतं, म्हणून तो टाळला. यांना या रकान्याचं फार हसू आलं. पण काहीही न वाचता, डोळे मिटून घोडा धरला असता तर काय झालं असतं हे माहीत नसेल, तर पुस्तकाचं कौतुक कशाच्या तुलनेत करायचं?

नियम थोडे, पण पाळायचे. शर्यत सुटायच्या आत ओळीतली घोड्यांची नावं लिहून झाली पाहिजेत. निकालानंतर लिहिलेली वही म्हणजे खोटी व्हाउचरं. फक्त पहिली निवड धरायची. इथे पुस्तकवाल्यांची खरी गंमत कळते. सात घोड्यांची शर्यत, तीन तज्ज्ञ, प्रत्येकाच्या तीन निवडी. नावं एकावर एक येतात हे धरलं तरी सातांतले पाच-सहा घोडे कुठे ना कुठे छापले जातात. मग पुढच्या अंकात ‘आम्ही दिलेला घोडा आला!’ असं म्हणायला काय जातंय? घोडा न देणं हेच तिथे अवघड. आणि निकालाचा टोटचा (रेस क्लबच्या सामायिक पैजपेटीचा) डिव्हिडंड, म्हणजे जिंकलेल्या तिकिटाला मिळालेली रक्कम, क्लबच्या वेबसाइटवरून घ्यायचा, पुस्तकात मिरवलेला भाव धरायचा नाही. सकाळी मिळालेला चारचा भाव दुपारी दीडवर आलेला असतो.

एका रविवारवरून काही ठरवू नका. दोन आऊटसायडर, म्हणजे फारसे कोणी न धरलेले घोडे, आले की कुठलीही वही फुलून येते. पूर्ण हंगाम लिहा. पुण्याचा जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत किंवा मुंबईचा नोव्हेंबर ते एप्रिल.

माझ्या वहीत सगळ्यांत ठळक दिसलं ते हे की पहिली निवड आणि फेव्हरिट हे दोन रकाने बहुतेक पानांवर एकमेकांची नक्कल होते. म्हणजे पुस्तकाने पैसे घेऊन जे सांगितलं, ते रेसकोर्सवरचा बोर्ड फुकट सांगत होता. यात लबाडी नाही. पुस्तकवाला हुशार असतो, त्याच नोंदी वाचून बाकीचे पंटरही (पैज लावणारेही) त्याच घोड्यावर येतात, आणि शेकडो लोकांनी तेच पुस्तक घेतलेलं असतं. मग भाव पडतो. टोटचा हिशेब तर अगदी उघडा आहे: सगळ्यांचे पैसे एका पेटीत, त्यातून कर आणि क्लबचा वाटा जातो, उरलेलं जिंकणाऱ्या तिकिटांत वाटलं जातं. समजा वाटायला 75,000 रुपये उरले. जिंकलेल्या घोड्यावर शंभराची 200 तिकिटं असतील तर प्रत्येकाला 375. तोच घोडा, तीच शर्यत, पण पुस्तक वाचून 500 तिकिटं लागली असतील तर प्रत्येकाला 150. टीप खरी ठरली आणि टिपेमुळेच पैसे कमी झाले. 1996 मध्ये सुप्रीम कोर्टाने घोड्यांची शर्यत हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरवला, आणि हे त्या निकालाचा दाखला जेवताना सुद्धा देतात. असेल कौशल्य. पण घोडा ओळखणं हे एक कौशल्य आणि इतरांनी ओळखायच्या आत ओळखणं हे दुसरं. छापून स्टॉलवर टांगलेली गोष्ट दुसऱ्या प्रकारात कशी बसेल?

आता कर. यावर कुठलाही टिपवाला अक्षर छापत नाही. रेसच्या पैजेवर आधी पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी होता, 22 सप्टेंबर 2025 पासून तो 40 टक्के झाला. समजा शंभराच्या पैजेवर कर वरून लागला आणि तुमच्या खिशातून 140 गेले. इव्हन मनीचा, म्हणजे एकास एक भावाचा, घोडा आला तर 200 परत. म्हणजे नुसतं बरोबरीत राहायला अशा दहा घोड्यांतले सात यायला हवेत. दीडच्या भावाला 250 येतात, तिथे शंभरातले 56. चारच्या भावाला 500 येतात, तिथे शंभरातले 28. जगभरचा ढोबळ अनुभव असा की फेव्हरिट साधारण तीन शर्यतींतली एक जिंकतो. आता हे आकडे शेजारी शेजारी ठेवा आणि मला सांगा, पुस्तकाचा तज्ज्ञ किती ग्रेट असायला हवा.

पुस्तकाची किंमत यात अजून मिळवलेलीच नाही. ती पैजेच्या एकूण रकमेत मोजायची. समजा पुस्तक 60 रुपयांचं आणि तुम्ही दिवसभरात 800 लावता. म्हणजे साडेसात टक्के आधीच गेले. 8,000 लावणाऱ्याला तेच पुस्तक पाऊण टक्क्यात पडतं. यावरून हे मला म्हणाले, ‘मग जास्त लावले की पुस्तक स्वस्त पडतं!’ पुरुषांचं गणित. महिन्याला 2,000 ची फोनवरची वर्गणी आणि महिन्याच्या आठ रेसदिवसांत मिळून 6,400 ची पैज असेल तर वर्गणीच 31 टक्के होते. तेवढा फायदा कुठलाही घोडा सातत्याने देत नाही. शिवाय मोठी रक्कम लागलीच तर 10,000 च्या वर 30 टक्के टीडीएस कापून हातात येते, आणि आयकरात रेसच्या जिंकलेल्या रकमेतून खर्च वजा करू देत नाहीत. हरलेली तिकिटं नाहीत आणि पुस्तकाची पावतीही नाही. मी जुन्या सवयीने पावत्या जपून ठेवल्या होत्या; आमच्या सीएने त्या हसत परत केल्या.

फोनवरच्या टिपवाल्यांसाठी वही सुद्धा नको. त्यांची रीत कागदावर मांडून बघा. 800 नंबर, आठ घोड्यांची शर्यत. प्रत्येक घोडा शंभर-शंभर जणांना ‘तबेल्यातली खबर’ म्हणून कळवायचा. शंभर जणांना विजेता मिळतोच. पुढच्या शर्यतीत दहा घोडे, त्या शंभरांना दहा-दहाच्या गटांत वाटायचं. दहा जण असे निघतात ज्यांना लागोपाठ दोन विजेते फुकट मिळाले. बाकीचे 790 नंबर ब्लॉक. तिसरी टीप मात्र पैसे भरल्यावर. त्या दहांतला एक जण आमच्या सोसायटीत आहे आणि तो अजून त्या माणसाला ‘सर’ म्हणतो. ‘जिंकल्यावर कमिशन द्या, आधी काही नको’ म्हणणाराही याच जातीचा. प्रत्येक घोडा कोणा ना कोणाला दिला की कमिशन कुठून ना कुठून येतंच.

क्रिकेटच्या टिपांचं तर विचारूच नका. मुंबईचा जुगार प्रतिबंधक कायदा 1887 चा आहे. त्यातून परवाना असलेल्या रेसकोर्सवरची पैज वगळली आहे, सामन्यावरची नाही. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदाही केला आणि त्यांच्या जाहिरातींनाही त्यात गाठलं. ज्या पैजेचे पैसे बुडाले तर पोलिसांत जायची सोय नाही, तिची टीप विकत घेऊन करायचं काय?

मग पुस्तक घ्यायचं कधी? माझ्या मते मोठ्या शर्यतींना सुटं घ्या. फेब्रुवारीत मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर इंडियन डर्बी असते, 2,400 मीटरची. तिथे उतरणाऱ्या घोड्यांच्या सगळ्या मोसमाच्या नोंदी एका पानावर मिळणं म्हणजे पाहुण्याला जत्रेचा नकाशा मिळण्यासारखं आहे. नवीन माणसाला बरोबर नेणार असाल तेव्हाही घ्या. एरवी रेसकार्ड आणि निकाल क्लबच्या वेबसाइटवर असतात, आणि मुंबईच्या काही वर्तमानपत्रांत निवडी छापून येतातच. हंगामाची वर्गणी भरू नका. पुण्याला तर नकोच. पुस्तक छापून होतं तेव्हा ट्रॅक कोरडा असतो, रात्रीत पाऊस कोसळतो आणि सकाळी पेनेट्रोमीटरचा, म्हणजे ट्रॅक किती मऊ झालाय ते मोजणाऱ्या यंत्राचा, आकडा सगळं उलटं सांगतो. घोडे मागे घेतले जातात, जॉकी बदलतो. छापील निवड मात्र तशीच ऐटीत बसलेली असते. निघायच्या आधी हे बदल पेनने पुस्तकात लिहून घ्या, आणि पहिली निवडच मागे घेतली असेल तर वहीत त्या ओळीवर काट मारा, दुसऱ्या निवडीला बढती देऊ नका.

आमच्याकडे आता सुटं पुस्तक येतं. वर्गणी बंद केली. त्यासाठी यांच्याशी भांडावं लागलं नाही, वही समोर ठेवली आणि मी भाजी निवडायला बसले. हे निवडींचं पान दुमडून ठेवतात, आधी नोंदी वाचतात, स्वतःचा घोडा ठरवतात आणि मग दुमडलेलं पान उघडतात. आता वहीत यांच्या निवडीचाही एक रकाना आहे. तो चार नंबरच्या घोड्याच्या पुढे की मागे, हे मी इथे लिहू नये असं ठरलंय.